दुष्काळाचा इतिहास आणि आमचे अज्ञान

गेल्या आठवड्यात आमच्या एका वकील स्नेह्यांचे चिरंजीव आपली शाळेची वही घेऊन आमच्या कचेरीत आले. इतिहासाच्या तासाला त्यांस १८७६ ते १८७८ या सालांतील दक्षिणेच्या मोठ्या दुष्काळावर टिपण लिहावयास सांगितले होते, व ते आम्ही एकवार नजरेखालून घालावे अशी त्यांची इच्छा होती. टिपणाचे पहिलेच वाक्य असे होते : 'सन १८७६ साली पाऊस पडला नाही, त्यामुळे दुष्काळ पडला आणि लाखो लोक मेले.' अक्षर सुरेख होते, सनावळी बिनचूक होती. पाऊस पडला नाही हे खरे. लाखो लोक मेले हेही दुर्दैवाने खरे. आमची हरकत आहे ती या दोन सत्यांना जोडणाऱ्या 'त्यामुळे' या एका शब्दास. मुलाचा यात अपराध नाही. त्याच्या वडिलांची, गुरुजींची आणि आम्हां बहुतेक सुशिक्षितांची समजूत याहून फारशी निराळी नाही. म्हणूनच आज या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे योजिले आहे.

आमच्या भाषेत अवर्षण व दुष्काळ हे दोन शब्द निरनिराळे आहेत, परंतु व्यवहारात आम्ही ते एकच समजतो. अवर्षण आभाळाकडून येते. दुष्काळ म्हणजे माणसाला अन्न न मिळणे. आणि अन्न न मिळण्याला पाऊस हे एक कारण असले तरी भाव, मजुरी, कर्ज व सरकारचा हुकूम ही चार कारणे त्याच्या बरोबरीने उभी असतात. आभाळावर फिर्याद लावता येत नाही. या चार कारणांवर लावता येते. म्हणूनच की काय, ज्यांना फिर्याद नको असते त्यांना दुष्काळाची सारी जबाबदारी आभाळावर टाकणे नेहमीच सोयीचे वाटत आले आहे. दुर्गादेवीच्या दुष्काळाच्या कथा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकल्या. १६३० च्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली हेही आम्हांस ठाऊक आहे. परंतु दैवाची अवकृपा यापलीकडे आमची चौकशी गेली नाही. १८७६ च्या दुष्काळाचे तसे नाही. त्याचे कागदपत्र उपलब्ध आहेत, आणि ते वाचून न्याय करता येतो.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, पाऊस जाण्यापूर्वीच दक्षिणेतील कुणबी बुडालेला होता. १८६१ ते १८६५ या सालांत अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला व आमच्याकडील कापसास सोन्याचा भाव आला. पैसा खेळू लागला, सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. १८६५ साली युद्ध संपताच भाव कोसळला. मुंबईत शेअरांचा फुगा फुटला तो याच वेळी. भाव उतरला तरी कर्ज उतरले नाही. त्यातच पूर्वीच्या तीस वर्षांच्या जमाबंदीची मुदत संपत आली होती, आणि इंदापूर, भीमथडी वगैरे तालुक्यांत नव्या पाहणीनुसार साऱ्याचा आकार चढविण्यात आला. म्हणजे उत्पन्न घटत असता सरकारचे देणे वाढले. सारा रोख भरावयाचा, तोही हप्त्याच्या दिवशी. तेव्हा कुणब्यास सावकाराच्या ओट्यावाचून दुसरी वाट उरली नाही.

येथे कायद्याने जे केले ते आम्हां कायदेपंडितांनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याची मुदत तीन वर्षांची ठरविली. हेतू असा की, जुनी देणी उकरून सावकाराने ऋणकोस छळू नये. परिणाम नेमका उलटा झाला. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला व त्यात थकलेले व्याज मुद्दल म्हणून चढवू लागला. मुद्दलाच्या दुपटीहून अधिक वसुली एका वेळी होऊ नये, हा आमच्या धर्मशास्त्रातील दामदुपटीचा नियम. परंतु व्याजच मुद्दल होऊन बसल्यावर त्या नियमात राहिले काय? निरक्षर कुणबी अंगठा उठवी, कोर्ट रोखा पाही, आणि एकतर्फी हुकूमनामा होई. रोख्यामागची हकीकत विचारण्याची कोर्टास फुरसत नव्हती.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, आणि तेथून हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावी पसरले. या दंग्यांची चौकशी करणाऱ्या मंडळालाही एक गोष्ट स्पष्ट दिसली : लोकांचा रोख सावकारांच्या प्राणांवर नसून त्यांच्या दप्तरांवर होता. रोखे व हुकूमनामे हाती आले की जाळावयाचे, एवढाच पुष्कळ ठिकाणी कार्यक्रम होता. तुकोबांनी आपल्या घरची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली असे परंपरा सांगते. सावकाराने आपण होऊन जे करावे तो धर्म, आणि ऋणकोने हिसकावून जे करावे तो दंगा! दंग्याचे समर्थन आम्ही करीत नाही. पण अठरा महिन्यांनी जो अनर्थ ओढवला त्याची ही आगाऊ नोटीस होती, व ती वेळेवर वाचली गेली नाही, एवढे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे.

१८७६ च्या पावसाळ्यात, विशेषतः परतीच्या पावसाने, दगा दिला. मुंबई इलाख्याचा दक्षिण भाग, मद्रास इलाखा, म्हैसूर, हैदराबाद, सर्वत्र एकच स्थिती झाली. धान्याचा भाव दुपटीहून वर गेला. ज्याच्या घरी पेव होते तो तगला. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर त्याला शेतात काम उरले नाही, आणि भाव चढला त्याच वेळी त्याची मजुरी बुडाली. बलुतेदारांची तीच गत. खळेच झाले नाही तर बलुते कोठून मिळणार? मोठ्या शेतकऱ्याने कापड घेणे थांबविले तेव्हा विणकराचा माग थांबला. स्त्रियांच्या अंगावरची चांदी मोडीत निघून मुंबईच्या टांकसाळीत येऊ लागली, गुरे कवडीमोलाने विकली गेली, आणि अखेर माणसांनी घरे सोडली. पटकी व तापाने पुढचे काम उरकले. एकट्या ब्रिटिश मुलखातच पन्नास लाखांहून अधिक माणसे या दोन वर्षांत गेली असा अंदाज आहे. बाजारात धान्य नव्हते म्हणून ती सर्व गेली काय? नाही. धान्य होते, ते घेण्याची ऐपत नव्हती म्हणून ती गेली. १८७७-७८ साली याच देशातून इंग्लंडास तीन लाख टनांहून अधिक गहू निर्गत झाला, ही एक गोष्ट पुरेशी आहे.

सरकारने काय केले ते पाहू. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस दरबार भरवून लॉर्ड लिटन यांनी महाराणी व्हिक्टोरिया यांस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले. त्याच महिन्यात सर रिचर्ड टेंपल यांस दुष्काळी मुलखाच्या पाहणीवर पाठविण्यात आले, ते खर्चावर करडी नजर ठेवण्याच्या सूचनेसह. हेच टेंपलसाहेब १८७३-७४ साली बिहारातील टंचाईच्या वेळी कारभारावर होते. त्या वेळी ब्रह्मदेशातून सुमारे साडेचार लाख टन तांदूळ आणविण्यात आला, कामे व धान्य सढळ हाताने देण्यात आले, आणि भुकेने मेलेल्यांची संख्या अत्यल्प राहिली. याबद्दल त्यांस शाबासकी मिळावयाची ती राहून उधळपट्टीचा ठपका मिळाला. साहेब धडा शिकले. दक्षिणेत येऊन त्यांनी दिवसभर खडी फोडणाऱ्या मजुराची मजुरी एक पौंड धान्याच्या किमतीवर, वर किरकोळ पैसे देऊन, आणून ठेवली. एक पौंड म्हणजे सुमारे ४० तोळे, पक्का अर्धा शेर! मद्रासचे आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनी, एवढ्या अन्नावर कष्ट करणारा मनुष्य जगणार नाही, असे स्पष्ट लिहिले. तोच अधिकारी, तेच साम्राज्य, आणि तीन वर्षांच्या अंतराने दोन भिन्न परिणाम! पावसाच्या अभावाला जर एकच फळ येत असते, तर बिहार व दक्षिण यांत असे जमीन-अस्मानाचे अंतर पडले नसते. 'त्यामुळे' या शब्दाविरुद्ध आमचा मुख्य पुरावा हाच.

येथवर वाचून पुष्कळांस समाधान वाटेल की, सारा दोष परक्यांचा निघाला. परंतु ज्याला न्याय करावयाचा त्याने आपल्या पक्षाचाही हिशेब मांडला पाहिजे. भाव आणखी चढेल म्हणून धान्याची पेवे मिटून बसणारे व्यापारी परके नव्हते. रोख्यावर अंगठे घेणारे सावकार परके नव्हते, आणि ते रोखे कोर्टात शाबीत करून देणारे आमचे व्यवसायबंधूही परके नव्हते. भुकेने व्याकूळ झालेला मनुष्यही शिजविलेले अन्न कोणाच्या हातचे हे विचारीत होता, हे जातिभेदाचे पाप तर सर्वस्वी आमचे. जी माणसे प्रथम मेली ती गावाच्या वेशीबाहेरची, बिनजमिनीची माणसे होती. आणि ती गावाच्या पंक्तीत कधी नव्हतीच, म्हणून त्यांची गणतीही गावाने नीट ठेवली नाही.

तथापि याच काळात आमच्यातील काही माणसे कर्तव्यास जागली, हेही सांगितले पाहिजे. जोतीराव फुले व सत्यशोधक समाज यांनी १८७७ साली पुण्याजवळ धनकवडी येथे उपाशी मुलांसाठी बालाश्रम काढला. सावित्रीबाईंनी जुन्नर भागातील ओतूर येथून त्याच वर्षी जोतीरावांस पाठविलेल्या पत्रात तेथील दुर्दशेची हकीकत आहे. १८७० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती मिळवून ती सरकारपुढे वारंवार मांडली. मजुरी उतरविली तेव्हा आमच्या जिल्ह्यांतील हजारो मजुरांनी सरकारी कामे सोडून दिली, व सभेने त्यांची बाजू घेतली. सभेचे गणेश वासुदेव जोशी दिल्लीच्या दरबारास खादीच्या वेषात गेले. आणि १८७९ साली दुष्काळाने पेटून उठलेल्या वासुदेव बळवंत फडके यांच्यावर खटला झाला तेव्हा त्यांच्या बचावास उभे राहिले तेही हेच जोशी. वकिली हा केवळ पोटाचा धंदा नव्हे, हे दाखविणारे उदाहरण दुसरे कोठे शोधावयास नको.

आता कायद्याने या अनुभवातून काय घेतले? १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार कोर्टास मिळाला, व कर्जासाठी कुणब्यास तुरुंगात टाकणे बंद झाले. इकडे सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या कमिशनाने १८८० साली अहवाल दिला, आणि त्यावरून १८८३ साली दुष्काळ-निवारणाची नमुना-संहिता तयार झाली. काम केव्हा काढावे, मजुरी किती द्यावी, अपंगांस फुकट अन्न कसे द्यावे, सारा तहकूब केव्हा करावा, सर्व काही त्यात आले. परंतु वाचकहो, येथे एक बारकावा आहे. ही संहिता म्हणजे अधिकाऱ्यांस दिलेल्या सूचना होत्या. रयतेस दिलेला हक्क नव्हता. ती मोडणाऱ्या अधिकाऱ्यावर कोर्टात फिर्याद करण्याची सोय नव्हती. उपाशी मनुष्यास अन्न मिळावे, परंतु ते त्याने मागू नये, असा हा विलक्षण दस्तऐवज होता.

मागितले तर काय होते याचा अनुभव १८९६-९७ साली आला. पुन्हा दुष्काळ पडला. टिळकांच्या प्रेरणेने सार्वजनिक सभेने त्या संहितेतील तरतुदींची मराठी पत्रके काढून खेडोपाडी माणसे पाठविली. पीक बुडाले असेल तर साऱ्याची सूट अगर तहकुबी मागा, गुरे विकून सारा भरू नका, एवढाच उपदेश होता. आणि तो सरकारच्याच पुस्तकातला होता. सरकारने केलेले नियम सरकारच्याच रयतेस वाचून दाखविणे याहून निरुपद्रवी काम ते कोणते? तरीसुद्धा मार्च १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. दुष्काळ हा केवळ आभाळाचा खेळ असता, तर पत्रकांची एवढी भीती वाटण्याचे कारण नव्हते.

आणि जी संहिता लोकांच्या हाती हक्क म्हणून नसते तिचे शेवटी काय होते, हे १९४३ साली बंगालने पाहिले. महायुद्ध चालू होते, भाव भडकले होते, मजुरांची ऐपत संपली होती. परंतु संहितेनुसार दुष्काळ जाहीरच केला गेला नाही. पुस्तक कपाटात राहिले आणि माणसे कलकत्त्याच्या रस्त्यांवर पडली. चौकशी कमिशनाने मृतांचा आकडा सुमारे १५ लाख धरला; पुढील अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला आहे.

याच्याशी आमचा १९७२ चा दुष्काळ ताडून पाहावा. त्या वर्षी महाराष्ट्रात पाऊस गेला, विहिरी आटल्या, तांबड्या मिलोसाठी व सुकडीसाठी माणसे रांगेत उभी राहिली. हाल थोडे झाले नाहीत. शहरांत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या पुढारीपणाखाली स्त्रिया महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, आणि खेड्यांत कामासाठी मोर्चे निघाले. मे १९७३ मध्ये जवळजवळ ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती. १८७७ सारखे मृत्यूचे थैमान झाले नाही. पाऊस तसाच गेला होता. भेद होता तो एवढाच की, राज्यकर्ते मतांस उत्तरदायी होते व लोक मागण्यास शिकले होते. पुढे वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेल्या रोजगार हमी योजनेचा १९७७ साली कायदा झाला, व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणाऱ्यास पंधरा दिवसांत काम, न दिल्यास भत्ता! जे १८८३ च्या संहितेने अधिकाऱ्याच्या मर्जीवर ठेविले होते ते या कायद्याने मजुराच्या हाती दिले. संसदेने २००५ साली साऱ्या देशासाठी असाच कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव पुढे होता. आमच्या नोकरदार वाचकांच्या पगारातून जो 'व्यवसाय कर' कापला जातो, तो १९७५ साली या योजनेच्या खर्चासाठीच बसविण्यात आला होता, हे किती जणांस ठाऊक आहे? दुष्काळाचा इतिहास आपल्या पगाराच्या कागदावर छापलेला असून आपण तो वाचीत नाही.

यावर कोणी म्हणेल, झाले गेले उकरून आता काय उपयोग? आमचे उत्तर असे : कायदा हा जाणणाऱ्याच्याच उपयोगी पडतो. आजही गावची पैसेवारी कशी काढतात, काम मागण्याचा अर्ज कोणाकडे द्यावयाचा व त्याची पोच का घ्यावयाची, हे न जाणणारा मनुष्य हक्क असूनही १८७७ च्या मजुराइतकाच निराधार असतो. 'पाऊस पडला नाही म्हणून' एवढेच उत्तर ज्या मुलास शिकविले, तो मोठा होऊन आभाळाकडे पाहील. भाव काय होता, मजुरी काय होती, कर्ज कोणाचे होते आणि हुकूम कोणाचा होता हे चार प्रश्न ज्यास शिकविले, तो कचेरीत जाऊन उभा राहील. नागरिक घडविणे म्हणजे याहून अधिक काय?

म्हणून शिक्षकवर्गास आमची नम्र सूचना आहे. दुष्काळाचा धडा पुस्तकातल्या चार ओळींवर संपवू नये. ज्यांनी १९७२-७३ साली खडी फोडली, पाझर तलावांची माती उपसली, ते स्त्री-पुरुष आज गावोगावी आजी-आजोबा म्हणून हयात आहेत. मुलांनी त्यांच्याजवळ बसावे, दिवसाची मजुरी काय पडे, आठवड्याचा पगार वेळेवर होई की नाही, सुकडी किती मिळे, घरातले काय विकावे लागले, हे विचारून लिहून ठेवावे. दौंड-मनमाडच्या आगगाडीने जाताना मुलांस सांगावे की, हा रस्ता १८७७ च्या भुकेल्या मजुरांनी बांधला. ही माणसे फार दिवस राहावयाची नाहीत, आणि साक्षीदार गेल्यावर खटला चालविणे किती कठीण असते हे आम्हांस व्यवसायामुळे चांगले ठाऊक आहे.

आमच्या त्या छोट्या मित्राने वही परत नेली आणि दोन दिवसांनी पुन्हा आणून दाखविली. 'त्यामुळे' हा शब्द खोडला होता. त्याच्या जागी अजून काही लिहिले नव्हते. जागा मोकळी सोडली होती. आपल्या आजीस विचारून मग लिहितो, असे तो म्हणाला. या विषयाच्या अभ्यासाचा याहून चांगला आरंभ आम्हांस तरी सुचत नाही.